751वी फ्रेम

जाहिरातीच्या धंद्यात प्रत्येकाला जाहिरात आवडते तरी किंवा आवडत नाही तरी. एकाच माणसाला ती बसते किंवा बसत नाही. हा माणूस म्हणजे ऑनलाइन व्हिडिओ जाहिरातींच्या फाइली तपासणारा. लोअर परळपासून अंधेरीपर्यंत कुठल्याही ऑफिसात तो एसीच्या थेट झोताखाली बसलेला आढळतो. कानावर जाडजूड हेडफोन, शेजारी स्टीलचा डबा. दिवसभर जाहिरातीच बघतो, पण एकीचीही गोष्ट सांगता यायची नाही. “त्या आजीच्या जाहिरातीनं मला रडवलं हो,” असं कुणी म्हणालं, की क्षणभर आठवून म्हणतो, “हां, ती! वरखाली काळे पट्टे असलेली.”

त्याची पोथी म्हणजे स्पेक-शीट. एमपी4, एच.264, 1920 बाय 1080, आवाज उणे 23 एलयूएफएस. पहिल्या दिवशी ती अर्ध्या पानाची असते. मग एखादी जाहिरात मध्यरात्री शेजाऱ्यांना उठवते, एखादीतला हिरो टीव्हीवर आडवा पसरतो, आणि पोथीला एकेक ओळ चढते. कुठली ओळ कुणामुळे आली, हे त्याला तोंडपाठ असतं. विचारू नका, सांगत बसेल.

संध्याकाळी सातला मेल जातो : फाइल नाकारली. सात वाजून एक मिनिटानं एजन्सीचा फोन.

“सर, एमपी4च पाठवलीय की!”

“नावाला, मॅडम. आत प्रोरेस आहे. आडनाव बदललं म्हणून रक्तगट बदलत नाही.”

कागदावर त्याचा विश्वासच नाही. सोबतच्या व्हास्टच्या, म्हणजे कुठली जाहिरात कशी दाखवायची हे प्लेअरला सांगणाऱ्या ठरीव साच्याच्या, एक्सएमएलमध्ये रुंदी 1920 लिहिलेली असली, तरी तो मीडियाइन्फो उघडून फाइलची झडती घेतो. निघतात 1440. मग चेहऱ्यावर जे समाधान पसरतं, ते पगाराच्या दिवशीसुद्धा दिसत नाही.

चीड आणणारी गोष्ट ही, की त्याचंच बरोबर असतं. एसटीत रेंज शोधणाऱ्या मोबाइलला हलकी फाइल लागते, दिवाणखान्यातल्या टीव्हीला भारी. म्हणून तर 2016 साली आलेल्या व्हास्ट 4.0 मध्ये कमी, मध्यम, जास्त अशा तिन्ही दर्जांच्या फाइली आणि शिवाय जवळजवळ मूळ प्रतीइतकी कसदार मेझनीन फाइल मागितली आहे. एजन्सी एकच फाइल पाठवते आणि वर लिहिते, ‘बेस्ट क्वालिटी’.

परवाची 30 सेकंदांची जाहिरात सगळ्यात पास झाली आणि फ्रेमांवर अडली. सेकंदाला 25 प्रमाणे 750 हव्यात, भरल्या 751. शेवटची नुसती काळी.

“सर, एका फ्रेमनं काय होतंय? 40 मिलिसेकंद!”

“मॅचच्या ब्रेकमध्ये जाहिराती एकीला एक चिकटवून सोडतात. तुमचा अंधार पुढच्या बिस्किटवाल्यानं का सोसायचा?”

घरीही सुटका नाही. मावसबहिणीच्या लग्नाच्या व्हिडिओत पाठवणी आली, सगळं घर डोळे पुसतंय, आणि हा हळूच म्हणतो, “आवाज ओठांच्या मागे चाललाय.” तेव्हापासून त्याला आधी जेवायला बसवतात.

परवाच्या त्या जाहिरातीची नवी फाइल एजन्सीकडून रात्री साडेअकराला आली. त्यानं फ्रेमा मोजल्या. बरोब्बर 750.

“आता तरी छान आहे ना, सर?” पलीकडून रडवेला आवाज.

“छान आहे की नाही, ते मला नाही सांगता येणार,” तो म्हणाला. “पण एक्सएमएलमध्ये तुम्ही अजून 31 सेकंदच लिहिलेत.”