विंचवाचं बिऱ्हाड हिचवर

न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी मंडळींत कोणाच्या मुलाला कुठल्या कॉलेजात प्रवेश मिळाला, हा विषय सध्या पार मागे पडलाय. गणपतीच्या प्रसादाच्या रांगेत दोन सभ्य, संसारी गृहस्थ कुजबुजताना मी या कानांनी ऐकले. एकाने विचारलं, "तुझा टंग वेट किती रे?" दुसरा लाजत म्हणाला, "सातशे." अब्रह्मण्यम्!

चौकशी केल्यावर कळलं, ते जिभेचं वजन नव्हे. कॅम्पर ट्रेलरचा पुढचा दांडा गाडीच्या हिचवर, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या मागच्या जोडावर, जो भार टाकतो, तो म्हणजे टंग वेट. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के असावा लागतो. कमी पडला तर ट्रेलर हायवेवर शेपटी हलवू लागतो. हे ट्रेलरचं वेड कोविडनं पसरवलं. २०२१ या एका वर्षात उत्तर अमेरिकेतल्या कारखान्यांतून सहा लाखांवर आरव्ही, म्हणजे चाकांवरची घरं, बाहेर पडल्या, बऱ्याचशा इंडियानातल्या एल्कहार्टच्या आसपास बनलेल्या. त्यांतल्या काही आमच्या लोकांच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

आणि लोक तरी कोण? गॅलनमागे दहा सेंट वाचवायला कॉस्टकोच्या पंपावर अर्धा तास रांगेत उभे राहणारे! तेच आता छत्तीस गॅलनच्या टाकीचा ट्रक घेऊन येतात. न्यू जर्सीत स्वतःच्या हातानं पेट्रोल भरायला कायद्यानं बंदी आहे; त्यामुळे कोणाची टाकी किती वेळा रिकामी होते, याची बित्तंबातमी पंपावरच्या पोराकडे असते.

"पण ॲव्हरेज किती देतो?" हा प्रश्न अजून सुटत नाही, संस्कारच तसे. आमच्या ओळखीतल्या एका जोडप्यात यावरून दोन महिने धुसफूस चालली होती. त्याला हवा होता फोर्डचा एफ-१५० हायब्रिड, कारण कागदावर गॅलनला वीस मैलांच्या वर. तिला वाटे, डिझेल बरं. आता खरी गोष्ट ऐका. मागे साडेपाच हजार पौंडांची उभी भिंत बांधली की हायब्रिडची गावातली कमाई हायवेवर हवेत जाते. ट्रक कुठलाही घ्या, आकडा बहुधा नऊ ते अकराच्या घरात येतो, म्हणजे लिटरला चार-साडेचार किलोमीटर. दोन हजार मैलांच्या सहलीत नऊ आणि अकरा यांतला फरक चाळीस गॅलनचा. एवढ्यावरून दोन महिने अबोला! आणि तोच रिकामा ट्रक वर्षभर ऑफिसला न्यायचा, तर बारा हजार मैलांना सहाशे गॅलन. घरातल्या जुन्या सिएना हायब्रिडला त्याच अंतराला साडेतीनशेही लागत नाहीत. याचा हिशेब कोणी मांडलाच नाही.

इंजिनाइतकंच पेट्रोल पितं ते ट्रेलरचं रुंद कपाळ आणि चालवणाऱ्याचा पाय. पंचावन्नऐवजी सत्तरनं हाकलं की हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्याला पंचावन्नची मर्यादा कायद्यानंच घातलीय. आमच्याकडचे नवरे मात्र सत्तरला लावतात आणि दोष ट्रकला देतात.

विजेचा ट्रक घेणाऱ्यांबद्दल तर बोलूच नये. ट्रेलर मागे लावला की रेंज जवळपास निम्मी, आणि बऱ्याच चार्जिंग स्टेशनांवर ट्रेलरसकट आत शिरता येत नाही. मग भर पावसात बायको छत्री धरते आणि नवरा हिच सोडवतो. हा रोमान्स म्हणे.

पण खरी खमंग बातमी पुढेच आहे. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतो. माणसं आणि सामान मिळून किती पौंड चालतील, ते त्यावर छापलेलं. ब्रोशरात दहा-दहा हजार पौंड ओढण्याच्या बाता, आणि त्या जोडप्यातल्या नवऱ्यानं पसंत केलेल्या ट्रकच्या स्टिकरवर १,४८०! त्यातून टंग वेटचे सातशे गेले. चौघांचे सहाशे. उरले एकशे ऐंशी. जेवणाच्या टेबलावर जावयानं पुण्याहून आलेल्या सासूबाईंना, हातात कॅल्क्युलेटर धरून, वजन विचारलं. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "साठ किलो. लोणच्याच्या बरण्या वेगळ्या." म्हणजे १३२ पौंड, उरले अठ्ठेचाळीस. भार वाटून देणारी हिच स्वतःच ऐंशी-नव्वद पौंडांची असते, हे जावयाच्या ध्यानात नंतर आलं.

बरण्यांचं हे प्रकरण नवं नाही बरं. 'द लाँग, लाँग ट्रेलर' या १९५४च्या सिनेमात ल्युसिल बॉल वाटेतले दगड आणि मुरंब्याच्या बरण्या ट्रेलरमध्ये लपवते आणि डोंगराचा घाट चढताना नवऱ्याचा जीव टांगणीला लागतो. आमच्या सासूबाईंना तो दाखवावा, असं मी सुचवलं. जावई म्हणाला, नको, कल्पना सुचायची.

शेवटी ठरलं काय, तर ऑफिसला सिएनाच, आणि ओढायला एक जुना ट्रक. तो अकरा महिने दारात उभा. ट्रेलर मात्र दारात उभा करायला सोसायटीच्या नियमात बसत नाही म्हणे, कडक भाषेत पत्र आलं. आता तो गावाबाहेर भाड्याच्या जागेत ठेवलाय. हॉटेलचा खर्च वाचावा म्हणून घेतला होता ना! भाडं महिन्याला किती, ते वहिनी अजून सांगत नाहीत. गुरुवारी भिशी त्यांच्याचकडे आहे, मी लवकर जाणार आहे.