सीट चालकाची, सोय सासऱ्यांची

नवी गाडी घेतली की महाडकर ती आधी वीरेश्वराच्या दारात उभी करतो. चाकाखाली लिंबू, बॉनेटवर स्वस्तिक, हार, पेढे, सगळं यथासांग. चालकाने बसायचं कसं, एवढंच रामभरोसे. ते ठरवतात मागे बसलेले सासरे. त्यांचे गुडघे अवघडले की जावई सीट पुढे घेतो, पार छाती स्टिअरिंगला भिडेपर्यंत. एअरबॅग त्या स्टिअरिंगमधूनच उघडते आणि छातीपासून निदान २५ सेंटिमीटर अंतर हवं, पण हे सासऱ्यांना सांगणार कोण? सासरे नसले की हाच गडी सीट मागे पाडून आरामखुर्चीतल्यासारखा रेलतो, एक हात खिडकीबाहेर.

महामार्गावर हे खपून जातं. पोलादपूरला वळून आंबेनळी घाट लागला की क्लचपर्यंत पाय पुरत नाही. मग कंबर पुढे घसरते. त्यात सीटवरचं प्लॅस्टिक, जे दिवाळीपर्यंत काढायचं नाही अशी घरची आज्ञा असते, दर वळणाला त्याला दाराकडे ढकलतं. महाबळेश्वरला उतरून पाठ चोळत निदान होतं, ‘गाडीची सीटच बरोबर नाही.’

सीट बिचारी बरोबरच असते. पाठ टेकवून क्लच तळापर्यंत दाबला तरी गुडघा किंचित वाकलेला राहावा, हात सरळ केला की मनगट स्टिअरिंगच्या माथ्यावर टेकावं. हे पोलादपुरातच, गाडी उभी करून पाहा. प्लॅस्टिक तिथेच फाडा आणि सासऱ्यांना पुढे डावीकडे बसवा. ती सीटही मागे सरकते.