घरगुती कारणास्तव

शालेय शिक्षण संपल्यावर आणि पुढचे सुरू होण्यापूर्वी तरुणाने मुद्दाम मोकळे ठेवलेले वर्ष म्हणजे 'गॅप इयर', आणि त्या वर्षात तो परदेशी ज्या अनोळखी घरी राहतो, जेवतो व थोडेफार काम करतो ते 'यजमान कुटुंब', अशी या विषयाची व्याख्या करता येते. परंतु बुलढाणा जिल्ह्यात, चिखली-खामगाव रस्त्यावरील उंद्री या गावी ती नेली असता तिच्यातील बहुतेक शब्दांना हरकत घेतली जाते. वर्षभर मोकळे ठेवण्याची सवलत या भागात फक्त जमिनीला मिळते आणि तिला 'पड' म्हणतात. मुलांसाठी 'ड्रॉप' ही संज्ञा रूढ असून, 'नीट' या वैद्यकीय प्रवेश परीक्षेत मनाजोगे गुण न पडल्यास अकोल्याला खोली करून, डबा लावून, तोच अभ्यास पुन्हा करणे असा तिचा अर्थ होतो. निव्वळ 'गॅप' हा शब्द मात्र संशयितांच्या यादीतला आहे, कारण शिक्षणात खंड पडलेल्या विद्यार्थ्याकडून महाविद्यालये प्रतिज्ञापत्र, म्हणजे शपथेवर लिहून दिलेले निवेदन, मागतात आणि त्यात आपण या काळात अन्यत्र कोठेही प्रवेश घेतला नाही असे त्याला कबूल करावे लागते.

परक्या देशात यजमान घरी राहण्याची मराठी परंपरा वाटते तितकी नवी नाही. पत्नी आनंदीबाईंच्या शिक्षणाविषयी गोपाळराव जोशी यांनी लिहिलेले पत्र अमेरिकेतील एका मिशनरी नियतकालिकात छापून आले, न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी ते दंतवैद्याकडे पाळी येण्याची वाट पाहत असताना वाचले, आणि एका दुखऱ्या दाताच्या आधारावर सुरू झालेल्या या पत्रव्यवहारामुळे 1883 साली अठरा वर्षांच्या आनंदीबाई वैद्यकीय शिक्षणासाठी कार्पेंटरबाईंच्या घरी जाऊन पोहोचल्या. कार्पेंटरबाई त्यांच्या मावशी झाल्या, यात मराठी मनाला काही विशेष वाटत नाही. कोणाही परक्या बाईला नात्याच्या कोष्टकात बसवल्याखेरीज तिच्या हातचे पाणीही आपल्याला नीट पिता येत नाही. पुढे, 1947 पासून, युद्धात जखमींची वाहतूक करणाऱ्या अमेरिकी स्वयंसेवकांच्या 'एएफएस' या संस्थेने विद्यार्थ्यांची देवाणघेवाण सुरू केली आणि अनोळखी घरी राहण्याला रीतसर अर्ज, मुलाखत व फोटो चिकटवण्याची चौकट प्राप्त झाली.

आजच्या तरुणासाठी यातील सर्वांत स्वस्त वाट जर्मनीची 'ओ पेर' ही आहे. या फ्रेंच शब्दप्रयोगाचा अर्थ 'बरोबरीच्या नात्याने' असा असून, सत्तावीस वर्षांच्या आतील परदेशी तरुण जर्मन कुटुंबात राहून आठवड्याला जास्तीत जास्त 30 तास मुले सांभाळतो व हलकी घरकामे करतो, आणि त्या बदल्यात त्याला खोली, जेवण व महिन्याला 280 युरो हातखर्च मिळतो. उंद्रीत या कराराचे भाषांतर करून दाखवल्यास ज्येष्ठ मंडळींना तो समजतच नाही. त्यांच्या शास्त्रानुसार घरी आलेला माणूस एकतर पाहुणा असतो, म्हणजे त्याने ताट उचलू नये. नाहीतर घरचा असतो, म्हणजे त्याला पैसे देऊ नयेत. तिसरा प्रकार गड्याचा, पण तो जेवायला टेबलावर शेजारी बसत नाही. तिन्ही एकदम असलेला प्राणी कोणत्या पंगतीत बसवावा, हा प्रश्न पारावर अनिर्णित राहतो.

अभ्यासाच्या सोयीसाठी उंद्रीचा एक उमेदवार गृहीत धरू. जर्मन भाषेची पहिली पायरी तो उत्तीर्ण झालेला आहे, एसटीने खामगाव, तेथून शेगाव, शेगावहून रेल्वेने मुंबई आणि मुंबईहून विमान असा त्याचा प्रवास झालेला आहे, आणि त्याच्या बॅगेच्या एकूण वजनात कपड्यांपेक्षा ज्वारीचे पीठ, शेंगदाण्याची चटणी, मिरगुंड आणि चार प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेले लोणचे यांचा वाटा मोठा आहे. लोणच्याने विमानात पिशव्यांची मर्यादा ओलांडून सर्व सदरे गाठल्यामुळे त्याची बॅग यजमानांच्या दारात उघडते तेव्हा, त्याने स्वतः तोंड उघडण्यापूर्वीच, वऱ्हाडाचा परिचय संपूर्ण घराला झालेला असतो.

पहिली कसोटी संध्याकाळी येते. जर्मन घरांत दुपारी गरम जेवण आणि रात्री 'आबेंडब्रोट', शब्दशः 'संध्याकाळचा पाव', घेण्याची पद्धत आहे: लाकडी पाटीवर पावाचे काप, लोणी, चीज, काकडी, आणि चूल बंद. उंद्रीत तिन्हीसांजेला चूल पेटली नाही तर त्याचे अर्थ ठरलेले आहेत; घरात सुतक आहे, ग्रहण लागले आहे किंवा नवराबायकोचे जोरदार बिनसले आहे. उमेदवार यजमानांच्या चेहऱ्यांवरून मयत कोणाच्या बाजूचे असावे याचा अंदाज घेतो आणि प्रसंगाला शोभेल अशा गांभीर्याने पावाचा एक काप खातो. यजमानीणबाई विचारतात, आणखी हवे का. तो संस्कारांना जागून नको म्हणतो. वऱ्हाडात पहिला नकार हा शिष्टाचार असतो, दुसरा विनय असतो, आणि तिसऱ्यानंतर वाढणाऱ्याने ताटावर आडवा धरलेला हात बाजूला सारून भाकरी टाकायची असते. जर्मनीत नकार हा नकारच असतो. बाई मान डोलावून चीज फ्रीजमध्ये ठेवतात, आणि आग्रह नावाची संस्था पृथ्वीच्या पाठीवर सर्वत्र स्थापन झालेली नाही हे ज्ञान उमेदवाराला उपाशीपोटी होते.

तेथे साडेसहाला हे जेवण आटोपते तेव्हा उन्हाळ्याच्या वेळेनुसार उंद्रीत रात्रीचे दहा वाजलेले असतात, आणि व्हिडिओ कॉलवर आई विचारते, "जेवला का बापू? भाजी कायची होती?" भाजी नव्हती, पाव होता, या उत्तरावर पलीकडे बराच वेळ शांतता पसरते आणि मग हळू आवाजात पृच्छा होते, "आजारी हायेत का थे लोकं?"

संबोधनाचा पेचही लहान नाही. यजमानीणबाई आपल्याला पहिल्या नावाने व एकेरीत हाक मारावी असा आग्रह धरतात (आग्रह असतो, पण भलत्या ठिकाणी), आणि आईच्या वयाच्या स्त्रीला नुसत्या नावाने बोलावणे उमेदवाराच्या जिभेला जमत नसल्याने तो नावाला हलकेच 'काकू' जोडतो. काही आठवड्यांत धाकटे मूल आणि अखेरीस शेजारीही त्यांना काकू म्हणू लागतात. तो शब्द त्यांच्या आडनावाचा भाग आहे अशी टपाल देणाऱ्याची समजूत होते.

कचऱ्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. उंद्रीत उकिरडा हा एकमेव, सर्वसमावेशक आणि शेवटी खत होऊन शेतात जाणारा असतो. जर्मन घरात सालींचा डबा वेगळा, कागदाचा वेगळा, वेष्टनांचा वेगळा, उरल्यासुरल्याचा वेगळा, आणि काचेच्या बाटल्यांचीही रंगानुसार वर्णव्यवस्था. चहाची पिशवी दोऱ्यासकट कोणत्या वर्णात मोडते, या प्रश्नापुढे उमेदवार ती हातात धरून उभा राहतो. एका बाबतीत मात्र त्याला घरची आठवण येते: एकदा वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीवर 'प्फांट', म्हणजे 25 सेंटची अनामत, आधीच घेतलेली असते आणि दुकानातल्या यंत्रात बाटली टाकली की ती परत मिळते. हा भंगारवालाच आहे, फक्त वजनात मारत नाही आणि लसूणही देत नाही, असे तो गावी कळवतो.

वर्ष संपून तो परततो तेव्हा जेवण झाल्यावर स्वतःचे ताट उचलून धुवायला घेतो, आणि आजीला पोराचे कोणाशी तरी बिनसल्याची खात्री पटते. एकदा नको म्हटल्यावर त्याला खरोखरच नको असते, हे कोणी मानत नाही व तीन भाकऱ्या पडतात. पुढे प्रवेशाच्या वेळी महाविद्यालय खंडाचे प्रतिज्ञापत्र मागते. चिखलीला तहसीलसमोर बसणाऱ्या टंकलेखकाकडे मजकूर तयारच असतो. जर्मनी, ओ पेर, काकू, आबेंडब्रोट हे सगळे तो शांतपणे ऐकून घेतो, कारणासाठी सोडलेली मोकळी जागा तेवढी लांब नाही असे सांगतो, आणि नेहमीप्रमाणे टंकित करतो: घरगुती कारणास्तव.