रश्श्याविना मटण

कोल्हापूर जिल्ह्यात मटण हा नुसता खाण्याचा विषय नाही, सार्वजनिक प्रश्न आहे. २०१९ च्या अखेरीस इथं मटणाच्या दरवाढीविरोधात रीतसर आंदोलन झालं होतं. अशा मुलखात, आमच्या गडमुडशिंगीत, ऐन रविवारी 'आज रस्सा नाही, मटण ओव्हनमध्ये' असं जाहीर करणं म्हणजे ग्रामसभेत उभं राहून घरफाळा वाढवा म्हणण्यासारखं. पण माझं कोलेस्टेरॉल मटणाच्या दराशी शर्यत लावायला लागलं होतं. डॉक्टर म्हणाले, "मटण खावा, तेल कमी करा." आता तांबड्या रश्श्यावरचा तवंग काढला तर खाली उरतो तो काढा.

शोधता शोधता ग्रीक लोकांचा मुसाका सापडला. खाली वांग्याच्या चकत्या, मध्ये कोकराचा खिमा, वर पांढरा सॉस, आणि सगळं भाजायचं. तो दूध-मैदा-लोण्याचा सॉस निकोलाओस त्सेलेमेन्तेस नावाच्या बल्लवाचार्यानं १९२० च्या दशकात फ्रेंचांकडून उचलून वर चढवला. हे आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हंजे त्यास्नीबी पांढऱ्याबिगर चालंना!"

खाटकाकडं अर्धा किलो खिमा मागितला आणि चरबी काढायला सांगितली. त्यानं सुरी खाली ठेवली. "दादा, घरात सगळं बरं हाय न्हवं?"

वांग्याचा गर हवेनं पोकळ असतो, त्यामुळं तळायला टाकलं की ते कढईतलं तेल पिऊन वर आणखी मागतं. म्हणून भरताच्या वांग्याच्या बोटभर जाड चकत्या केल्या, मीठ लावून पाणी सुटू दिलं, पुसल्या, तेलाचं नुसतं बोट फिरवलं आणि २०० अंशांवर मऊ होईस्तोवर भाजल्या. खिमा कांदा, टोमॅटो, दालचिनी आणि चमचाभर कांदा-लसूण चटणीत कोरडा होईपर्यंत परतला. ग्रीकांची माफी मागून मैदा-लोण्याला फाटा दिला. चक्क्यात अंडं फेटून वर ओतलं. १८० अंशांवर अर्ध्या तासात वरचा थर फुगून तांबूस झाला, कडेनं खिम्याचा रस बुडबुडला आणि वास गल्लीत गेला.

वासामागून तात्या आले. तात्यांमागून त्यांचा जावई, जावयामागून त्याचा मित्र. आणि तिथं मला रश्श्याचं खरं मोल कळलं. रश्श्याला माणूस वाढलं की तांब्याभर आधण वाढतं, भाकरी चुरायची आणि ओरपायचं. मुसाक्याचे पडतात चौकोनी तुकडे. तुकडे म्हटलं की मोजणी आली, आणि मोजून वाढणं आमच्याकडं लग्नातसुद्धा खपवून घेत नाहीत.

मी सुरी हातात घेऊन मनातल्या मनात भागाकार करत होतो. तेवढ्यात बायकोनं चुलीवरचं झाकण काढलं. तिनं खाटकाकडून हाडं वेगळी आणवली होती. तांबडा, पांढरा दोन्ही तयार. मुसाका सगळ्यांनी 'सुकं' म्हणून भाकरीबरोबर हाणला.

"ब्येस झालंय," तात्या म्हणाले, "निस्तं खाल्लं तर ठसका लागंल, पर रश्श्यात लई भारी."

मी बायकोकडं डोळे वटारून बघितलं. ती माझ्या ताटात पळीनं तवंग बाजूला सारून पांढरा वाढत म्हणाली, "डॉक्टरांनी तेल कमी करा म्हणून सांगितलंय. माणसं कमी करा म्हणून नव्हे."