दुनळीचं सोवळं

इंग्लंडात दुनळी बंदुकीचा नेम नंतर बघतात, आधी तिचं कुळ विचारतात. नळ्या शेजारी-शेजारी असतील तर घराणं खानदानी. एकीवर एक असतील तर नवश्रीमंत. जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराने तशी बंदूक 1920च्या दशकात रचली, तरी तिथे ती अजून नवीच! दस्ता सरळ हवा; मुठीपाशी वाक दिसला की भुवया वाकतात. चाप दोन हवेत. एकावर भागवणं म्हणजे आळस. 1875 साली बर्मिंगहॅमच्या अँसन आणि डीली यांनी बॉक्सलॉक ही बार उडवण्याची सुटसुटीत यंत्रणा आणली. पण शौकिनाला बाजूच्या पट्टीवर बसवलेलं साइडलॉकच लागतं, कारण त्या पट्टीवर नक्षीला जागा जास्त. लंडनच्या मेफेअरमधल्या पर्डी या बंदूककारांची बंदूक हवी तर पैसे मोजायचे आणि वर वाटही पाहायची.

ऑलिंपिकची सुवर्णपदकं मात्र वर्षानुवर्षं नवश्रीमंत बंदुकाच नेतात. आणि खानदानाचंच म्हणाल, तर आपल्या बँकांच्या दारातल्या कित्येक रखवालदारांच्या खांद्यावर शेजारी-शेजारी नळ्यांचीच दुनळी असते. मेफेअरच्या निकषाने ते सगळे लॉर्डच ठरतात. फक्त पगार तेवढा जुळत नाही.