फॉल्टाचे दप्तरदार
मामलेदार कचेरीच्या दप्तरात हयात घालवून निवृत्त झालेले, हाती छत्री आणि कपाळी आठी असलेले जे गृहस्थ नगरच्या प्रत्येक गल्लीत एक तरी आढळतात, त्यांच्या मुखी दिवसभर रामनामापेक्षा अधिक वेळा येणारा शब्द म्हणजे 'फॉल्ट'. कापडबाजारात नव्या लुगड्याची घडी उलगडून उजेडासमोर धरायची, तळहाताने पोत चाचपायचा आणि काठापासून वीतभर आत सुटलेला एकुलता एक धागा नखाने उचलून दुकानदारास दाखवायचा, हा विधी ते पूजेतही न दिसणाऱ्या तन्मयतेने पार पाडतात. आणि मग तेच लुगडे एका पैशाची सूट न मागता विकत घेतात. चांदबिबीच्या महालावर सहल निघाली, तर पायथ्याशीच सर्वांस थांबवून, 'हा महाल नव्हे, मुर्तझा निजामशहाचा वजीर दुसरा सलाबतखान याची कबर आहे,' अशी दुरुस्ती ते फर्मावतात. दुरुस्ती अचूक असते, हेच सहलीचे दुर्दैव!

या शब्दाचे कूळही त्यांच्याच बिरादरीने सुधारलेले आहे. फसवणे, चुकणे अशा अर्थाच्या लॅटिन धातूपासून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलेला हा शब्द मुळात 'ल'वाचूनच सुखाने नांदत होता. पुढे विद्वानांना त्यात लॅटिनचा 'ल' गहाळ असल्याचा शोध लागला आणि त्यांनी तो लेखणीने आत घुसवला. अठराव्या शतकातही पोप कवी या शब्दाचे यमक खुशाल 'ऑट'शी जुळवी; मुका 'ल' बोलू लागला तो हळूहळू.

याच जिल्ह्यात, नेवाशास, 1290 मध्ये ज्ञानदेवांनी श्रोत्यांस न्यून पुरते करून घेण्याची विनंती केली होती. आमच्या गृहस्थांनी तिची वाटणी केली आहे: न्यून हुडकणे स्वतःकडे, पुरते करणे वायरमनकडे. वळवाच्या पहिल्या सरीस गल्लीतील वीज गेली की वायरमन डीपीशी खटपट करीत असतो आणि हे छत्रीखालून बॅटरीचा झोत रोखून उभे असतात. "अरे बाबा, फॉल्ट डीपीत नाही. पलीकडच्या खांबावरचा जंपर बघ." जंपर खरोखरच जळालेला निघतो. घटकाभराने घरोघर दिवे लागतात, पोरे "आली, आली!" म्हणून गिल्ला करतात, आणि आमचे गृहस्थ खांबावरच्या बल्बाकडे डोळे किलकिले करून म्हणतात, "व्होल्टेज कमी वाटतंय."