पालक साहाय्यक समिती

खेड्यापाड्यातून पुण्यात शिकायला येणाऱ्या मुलांसाठी अच्युतराव आपट्यांनी 1955 साली विद्यार्थी साहाय्यक समिती काढली. पोरांच्या राहण्या-जेवणाची सोय झाली, कितीतरी पोरं तिथं राहून मार्गी लागली. काम मोठंच. पण पोराला एसटीत बसवून स्टँडवर मागं उरलेल्या आईबापांचं पुढं काय झालं, याची चौकशी कुणी केली नाही. ते खातं सध्या नारायणगावात माझ्या कृषी सेवा केंद्राबाहेरच्या बाकड्यावर चालतं.

मी कुणाला बोलावत नाही. इंजिनीअरिंगच्या प्रवेशाचे कॅप राउंड संपले की माणसं आपसूक येतात. आधी टोमॅटोवरच्या करप्याचं औषध विचारतात. बिल होतं, पैसे देऊन होतात, तरी गिऱ्हाईक हलत नाही. मग टोपी काढून डोकं खाजवत हळूच म्हणतं, "पोरगं फोन उचलंना." या रोगावर माझ्या दुकानात औषध नाही. बाकडं आहे, आणि शेजारी चहाची टपरी आहे.

यंदा मात्र केस घरातलीच निघाली. माझी अक्का आंबेगाव तालुक्यात घोडनदीच्या काठाला दिलेली. तिच्या धाकटीला पुण्यात कॉम्प्युटरला नंबर लागला. पेढे वाटले, सत्कार झाला, पंचक्रोशीत फ्लेक्स लागला. आणि फ्लेक्स उतरायच्या आत अक्कानं जेवण टाकलं. मामा या नात्यानं समजूत घालायला मला पाचारण झालं.

"अगं, 60 किलोमीटरवर तर पुणं," मी म्हणालो.

"जिजाऊंनी शिवबाला पुण्याला एकटं धाडलं होतं का? स्वतः गेल्या बरोबर!"

आता शिवनेरीच्या तालुक्यातला माणूस यावर काय बोलणार? पण दाजी बोलले. "त्यांची जहागीर होती तिकडं. आपल्याला रूमचं डिपॉझिट परवडंना."

मी दुसरी बाजू लावली. "आपल्या आळ्याला त्या रेड्याची समाधी आहे ना? ज्ञानोबांनी पैठणला ज्याच्या तोंडून वेद वदवले तोच. शिकलेला जीव कुठंही रमतो, अक्का."

"रमला ना? मग परत गेला का पैठणला?"

दाखले देणं मी तिथंच थांबवलं.

तसं बघितलं तर अक्काच्या तालुक्याला घर सोडायची सवय असायला हवी. ज्या आंबेगावाच्या नावानं तालुका ओळखला जातो ते गावच डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. नाव आंबेगावाचं आणि कचेरी घोडेगावात. अख्खं गाव उठलं तरी माणसं सावरली. पण पोरगी उठली की माणूस मांडी घालून बसतो आणि तिच्या रिकाम्या टेबलाकडं बघत राहतो.

पोहोचवायला माझा पिकअप. एरवी त्यात टोमॅटोचे क्रेट जातात. त्या दिवशी इंद्रायणी तांदळाचं पोतं, पापड-कुरडयांचे डबे, लोणच्याची बरणी, शेंगदाण्याची चटणी आणि कोपऱ्यात उरलेल्या जागेत पोरगी. होस्टेलवर रेक्टर बाईंनी पोत्याकडं बघून सांगितलं की इथं खोलीत स्वयंपाक चालत नाही. अक्कानं ते ऐकूनच घेतलं नाही. तिची नजर भिंतीवर होती.

"बाई, कंपाउंड किती फुटाचं आहे?"

रेक्टर बाई अनुभवी. हसून म्हणाल्या, "मावशी, निर्धास्त राहा. एकही मुलगा आत येऊ शकत नाही."

"मुलाचं कोण विचारतंय? बिबट्याचं बोलतेय मी."

बाईंना ही थट्टा वाटली. त्यांचाही दोष नाही. आमच्याकडं कुकडीची धरणं झाली, पाणी आलं, पाण्यामागं ऊस आला आणि उसात बिबट्या येऊन राहिला. माणसं गेलीत आमच्याकडं, लेकरं गेलीत. हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही ती. त्यामुळं दिवस मावळला की लेकरू घरात, हा आमचा घराघरातला कायदा. या कायद्यात वाढलेल्या पोरीनं पहिल्याच आठवड्यात रात्री नऊ वाजता फर्ग्युसन रस्त्यावर आईस्क्रीम खातानाचा फोटो पाठवला. अक्कानं फोटो मोठा करून करून आधी पोरीच्या मागची झुडपं तपासली.

वर तिचा बिनतोड सवाल : ऊसतोडीत बिबट्याचे बछडे सापडले, तर वन खातं आणि माणिकडोहच्या बिबट्या केंद्रातली माणसं ते पुन्हा आईच्या हवाली व्हावेत म्हणून रात्र-रात्र खटपट करतात. "बिबट्याच्या पोरालासुद्धा आईकडं आणून देतात. माझ्या पोरीला सरकारनं नंबर लावून तिकडं नेलं."

दाजींनी वेगळाच मार्ग धरला. माळशेज घाटात 2009 साली गळ्यात पट्टा बांधून सोडलेला 'आजोबा' नावाचा बिबट्या सुमारे 120 किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोहोचला, आणि तो कुठून कुठं गेला ते अभ्यासकांना बसल्या जागी कळलं. दाजींनी त्याच्यावरून स्फूर्ती घेतली. पोरीच्या फोनवर लाइव्ह लोकेशन चालू करवलं आणि खळ्यात खाट टाकून निळा ठिपका बघत बसले.

"तासभर झाला, जागची हलंना."

"दाजी, लेक्चर चालू असेल."

"आता हलली. डावीकडं वळली. डावीकडं काय आहे?"

"अहो, कँटीन असेल!"

मी त्यांच्या भाषेत सांगून पाहिलं, की टोमॅटोचं रोप लावल्यावर रोज उपटून मूळ धरलं का बघतो का आपण? दाजी म्हणाले, "रोपाला ड्रिप असतं." मी म्हणालो, "हिला मेस आहे." त्यावर ते नुसते माझ्याकडं बघत राहिले. मेसची आमटी ते चाखून आले होते. पुढं पोरीनंच बॅटरी उतरते असं सांगून लोकेशन बंद केलं. दाजींचा निळा ठिपका मावळला आणि ते माझ्या बाकड्यावर रुजू झाले.

मग सुरू झाली डब्याची आघाडी. आपली एसटी 1 जून 1948 ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिल्यांदा धावली. तिच्यात पहिला डबा चढायला फार दिवस लागले नसावेत. शिकणाऱ्या पोराचा डबा ड्रायव्हरच्या हाती द्यायचा आणि पोरानं पलीकडच्या स्टँडवर उभं राहायचं, यावर दोन-तीन पिढ्या ग्रॅज्युएट झाल्या. अक्कानं मासवडीवर जोर धरला. बेसन घट्ट शिजवायचं, ओल्या फडक्यावर हात भाजत थापायचं, त्यावर तीळ, खोबरं, कांदा, लसणाचं सारण पसरायचं आणि फडक्यानंच दाबून त्याला माशाचा घाट द्यायचा. वड्या एका डब्यात, रस्सा दुसऱ्यात, झाकणाला वरून कणकेचं लिंपण. गाडी चाकणच्या कोंडीत अडकली की इकडं अक्काचा जीव रश्शाच्या झाकणापाशी अडकायचा. तिकडं वाकडेवाडीच्या स्टँडवर पोरगी डबा घ्यायची आणि लातूर-जळगावच्या मैत्रिणी तो दारातच संपवायच्या. रिकामा डबा परत यायचं नाव नाही. अक्काच्या मांडणीवरचे डबे एकेक करून पुण्याला शिकायला गेले. शेवटी तिनं माझ्याकडं बियाण्याचे रिकामे डबे मागितले. मी विषाची भीती घालून वाटेला लावलं.

एवढं सगळं करून अक्काचं जेवण काही वाढलं नाही. उतारा पडला तो अवचित. एका संध्याकाळी पोरीचा फोन आला. नेहमीसारखा "जेवले, ठेवते" असा नाही. लातूरच्या मैत्रिणीच्या आईला मासवडी करायची होती आणि फडक्याला चिकटत होती. अक्का ओट्यापाशी उभी राहून बोलली. फडकं किती ओलं, पिळायचं कसं, बेसन तव्यावर की पातेल्यात, सगळं. आवाज शिवारात ऐकू जात होता. फोन संपल्यावर तिनं आपल्याआपण भाकरी घेतली. शिळीच होती, पण दोन घेतल्या.

दाजींचं काम उत्पन्नाच्या दाखल्यानं केलं. पोरीला स्कॉलरशिपच्या फॉर्मसाठी तो तातडीनं हवा होता. दाजी सकाळी इस्त्रीचा सदरा घालून घोडेगावला गेले, रांगेत उभे राहिले, एका कागदासाठी माघारी आले, पुन्हा गेले, सर्व्हर बंद म्हणून भांडले आणि दाखला घेऊन असे परतले, की एरवी मुका असणारा माणूस सगळ्या बाकड्याला चहा पाजून मोकळा झाला. त्या दिवसापासून निळ्या ठिपक्याचं नाव नाही.

आमच्याकडं समुपदेशन म्हणून जे चालतं त्यात 'मन रमवा, छंद जोपासा' असं सांगतात. ज्या माणसानं आयुष्यभर पोर आणि पीक सोडून तिसरं काही जोपासलं नाही, त्याला छंद सांगणं म्हणजे खताच्या दुकानात पेटी-तबला मागणं. आईबापांना छंद नको असतो, काम हवं असतं. तेही पोरानं सांगितलेलं.

म्हणून समितीतर्फे पुण्यातल्या समस्त जुन्नर-आंबेगावकर विद्यार्थ्यांना विनंती : पोरांनो, महिन्याला एखादा तरी दाखला घरून मागवत जा. लागत नसला तरी मागवा. आणि कृपा करून डबे परत पाठवा.